गेमच्या कंपनीतून पासवर्ड फुटला, तर आधी ईमेल सांभाळा

गेल्या एप्रिलात, आंब्याच्या ऐन धावपळीत, माझा पुतण्या खळ्यात येऊन गप्प उभा राहिला. मी पेट्यांत गवत पसरत होते. बराच वेळ तो बोलेना. मग हळूच म्हणाला, "काकी, माझो आयडी गेलो. बाबांका सांगू नको."

पोरगा नववीत आहे. तीन वर्षं एकच मोबाईल गेम खेळून त्याने तो आयडी, म्हणजे गेममधलं आपलं खातं, वाढवला होता. आता कोणीतरी दुसराच त्यात शिरला होता आणि पासवर्ड चुकीचा दाखवत होता. मी विचारलं तेव्हा कळलं की आठ दिवसांपूर्वी गेमच्या कंपनीचा मेल येऊन गेला होता. आमच्या सर्व्हरवर बाहेरच्या कोणीतरी प्रवेश मिळवला, काही खेळाडूंची नावं, ईमेल पत्ते आणि पासवर्ड गेले असण्याची शक्यता आहे, पासवर्ड बदला, असं त्यात होतं. त्याने तो वाचला आणि मिटून टाकला. गेमवर चोरून केलेला खर्च उघडा पडेल, या भीतीने त्याने आठ दिवस कोणाला काही सांगितलं नाही.

तो आयडीसाठी रडत होता आणि माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं होतं. मला तीन दिवसांत पेट्यांच्या ऑर्डरचा एकही मेल आला नव्हता. एप्रिलात असं होत नाही.

आम्ही देवगड तालुक्यातले. बाग घरच्यांची, पण ऑर्डरी, पत्ते, गाडीचा हिशेब, पैसे आले की नाही, हे सगळं माझ्याकडे, एका जीमेलवर. पोरगा सहावीत असताना घरात तेवढंच एक ईमेल होतं, म्हणून गेमला त्याने तेच दिलं. पासवर्डही तोच ठेवला: गावाचं नाव, पुढे अ‍ॅटचं चिन्ह, पुढे त्याचं जन्मसाल. गेमच्या कंपनीतून जे फुटलं ते आमच्या धंद्याच्या दाराची किल्ली होऊन बसलं. त्या रात्री आणि पुढच्या चार दिवसांत जे केलं, जे आधी करायला हवं होतं आणि जे उलट्या क्रमाने केल्यामुळे दुसऱ्यांदा करावं लागलं, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरात एक खेळणारं पोर आणि एक सामायिक ईमेल आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

गेमच्या कंपन्यांची माहिती फुटणं ही नवलाई नाही. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमधून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती गेली आणि ते नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त बंद होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये झिंगा कंपनीच्या १७ कोटींहून अधिक खात्यांचा तपशील चोरीला गेला. मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते २०२० मधलं निन्टेन्डोचं प्रकरण. त्यात सुमारे तीन लाख खात्यांत परके लोक शिरले, आणि लॉगिनची माहिती आमच्या सेवेबाहेरून कुठूनतरी मिळवलेली होती, असं कंपनीने सांगितलं. एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड चोर शंभर ठिकाणी लावून बघतो, तो असा. हे काम माणूस बसून करत नाही, यंत्र करतं, त्यामुळे "आमच्यासारख्या गावातल्या माणसाकडे कोण बघतंय" हा दिलासा खोटा आहे.

कंपनीच्या मेलमध्ये "पासवर्ड सुरक्षित स्वरूपात साठवलेले होते" असं एक वाक्य हमखास असतं. त्यावर विसंबू नका. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्यावर गणिती क्रिया करून जो अक्षरांचा चुरा होतो, तो साठवतात. त्याला हॅश म्हणतात. नारळ खवला की त्या चवाचा पुन्हा नारळ होत नाही, तसंच हे. पण चोर उलटं काढायला जातच नाही. लोक सर्रास ठेवतात तसे लाखो पासवर्ड तो स्वतः खवतो आणि कुठला चव जुळतो ते बघतो. गावाचं नाव आणि जन्मसाल त्यात जुळायला वेळ लागत नाही. म्हणून पासवर्ड साधा असेल तर तो उघडा पडला आहे असं धरूनच चाला.

एक फरक मात्र लक्षात घ्या. पोराने गेममध्ये वेगळा पासवर्ड टाकून खातं उघडलं होतं, की "गूगलने साइन इन करा" असं बटण दाबून? बटण दाबून असेल तर गेमच्या कंपनीकडे तुमचा गूगलचा पासवर्ड मुळात नसतोच. मग नाव, ईमेल, फोन एवढंच फुटतं. तुमच्याकडे तसं असेल तर थोडा श्वास घ्या, पण पुढचं तरीही करा.

आता काम. सुरुवात ज्या फोनवर गेम आहे त्याच्यावरून करू नका. आम्ही तीच चूक केली. पोराने फुकट डायमंड, म्हणजे गेममधले पैसे, मिळतात म्हणून कुठूनतरी मॉड केलेलं, म्हणजे मूळ गेममध्ये कोणीतरी फेरफार केलेलं, अ‍ॅप उतरवून घेतलं होतं आणि त्याच फोनवर मी नवा पासवर्ड टाकत बसले. असं अ‍ॅप टाइप केलेलं वाचत नसेलच, हे आपण कशावरून म्हणावं? घरातला दुसरा, त्यातल्या त्यात स्वच्छ फोन किंवा लॅपटॉप घ्या. खेळाच्या फोनवरची प्ले स्टोअरबाहेरून आलेली अ‍ॅप्स आधी काढून टाका.

पहिलं दार ईमेलचं. गेमचं नव्हे, बँकेचंही नव्हे. कारण बाकी प्रत्येक ठिकाणचं "पासवर्ड विसरलात?" हे ईमेलवरच येतं. ज्याच्या हातात ईमेल त्याच्या हातात सगळं घर. गूगल खात्यात "सुरक्षा" या भागात जाऊन पासवर्ड बदला. लगेच खाली "तुमची डिव्हाइस" असतं, ते उघडा आणि ओळखीचं नसेल ते प्रत्येक डिव्हाइस साइन आउट करा. आमच्या यादीत एक विंडोजचा संगणक होता. आमच्या घरात विंडोजचा संगणक नाही. हे साइन आउट करणं फालतू समजू नका. एकदा लॉगिन झालं की फोन किंवा ब्राउझर एक खूणचिठ्ठी जपून ठेवतो, तिला कुकी म्हणतात, आणि ती चिठ्ठी ज्याच्याकडे त्याला पासवर्ड लागत नाही. जून २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीत चोर शिरले ते अशीच चोरलेली कुकी १० डॉलरला विकत घेऊन, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं.

मग रिकव्हरीचा फोन नंबर आणि रिकव्हरीचं ईमेल बघा, म्हणजे खातं हातचं गेलं तर ते परत मिळवायला दिलेला नंबर आणि पत्ता. चोर इथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतो, म्हणजे तुम्ही बाहेर काढलं तरी तो परत येतो. आमच्याकडे इथे चोराचं काही नव्हतं, पण माझ्या सासऱ्यांचा बंद पडलेला नंबर होता. ते जाऊन दोन वर्षं झाली. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या कोणाला देते, तेव्हा तो तिथे ठेवणं म्हणजे अनोळखी माणसाला किल्ली देणं.

इतकं करून मी रात्री साडेअकराला झोपले. सकाळी उठले तरी ऑर्डरचा मेल नाही. ठाण्याच्या एका बाईंना मीच फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही परवाच नवा यूपीआय आयडी पाठवलात ना, त्यावर दोन पेट्यांचे पैसे टाकले मी." माझ्या हातापायातलं बळ गेलं.

चोराने काय केलं होतं ते मागून आणलेल्या लॅपटॉपवर जीमेल उघडल्यावर कळलं. सेटिंग्जमध्ये "फिल्टर" म्हणून एक पान असतं. तिथे एक नियम लिहून ठेवलेला होता: ज्या मेलमध्ये आंबा, पेटी, हापूस यातला कोणताही शब्द असेल तो एका परक्या पत्त्यावर पुढे पाठवायचा आणि इथून काढून टाकायचा. शब्द इंग्रजी अक्षरांत होते आणि "पेटी" दोन वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलं होतं. म्हणजे त्याने बसून आमचे जुने मेल वाचले होते, आमचे लोक पेटी कशी लिहितात ते बघितलं होतं. मी पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच होता, कारण नियम खात्याच्या आत बसलेला असतो. त्याला पासवर्डशी देणंघेणं नाही.

म्हणून हे पान स्वतः डोळ्यांनी बघा. "फिल्टर" आणि त्याच्या शेजारचं "फॉरवर्डिंग", दोन्ही. फोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये ही पानं सापडत नाहीत, लॅपटॉपवर ब्राउझरमधून उघडावं लागतं. लॅपटॉप नसेल तर ओळखीच्याचा थोडा वेळ मागून घ्या आणि काम झाल्यावर तिथून साइन आउट करा. सायबर कॅफेत मात्र हे करू नका. आपण न लिहिलेला नियम दिसला तर आधी त्याचा फोटो काढा, मग पुसा. फोटो पुढे तक्रारीला लागतो. कचरापेटीही उघडून बघा. आमचे सतरा मेल तिथे पडलेले होते, तेवढे तरी परत मिळाले. गूगलच्या कचरापेटीत मेल साधारण ३० दिवस राहतो, नंतर जातो.

त्या ठाण्याच्या बाईंच्या दोन पेट्या आम्ही पाठवल्याच. आणि त्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केला, मेल केला नाही, कारण मेलवर आता कोणाचा विश्वास बसणार. तुमचाही धंदा ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चालत असेल तर लाज बाळगू नका. तुमच्या नावाने पैसे मागितले जाऊ शकतात हे लोकांना तुमच्याच आवाजात कळू दे.

आता दुसरं कुलूप. गूगल त्याला "टू-स्टेप व्हेरिफिकेशन" म्हणतं. पासवर्डनंतर आणखी एक आकडा मागितला जातो. बहुतेक जण तो एसएमएसने घेतात. आमच्याकडे ते चालत नाही. रेंज येते ती खळ्याच्या टोकाला, माडाखाली उभं राहिलं तर. पावसात वीज गेली आणि टॉवर बसला की ओटीपी दुसऱ्या दिवशी मिळतो. म्हणून ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्या. गूगलचं आहे, इतरही आहेत. एकदा जोडलं की ते अ‍ॅप दर ३० सेकंदांनी सहा आकडी क्रमांक फोनवरच तयार करतं. त्याला रेंज लागत नाही, डेटा लागत नाही. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं, म्हणून तारीख-वेळ "आपोआप" वर ठेवा. कोकणातल्या घरांसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला दिसलेलं नाही. शिवाय कोणी तुमच्या नावाने दुसरं सिम काढून घेतलं तरी हा आकडा त्याला मिळत नाही.

फोन विहिरीत पडला तर? त्यासाठी गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून मी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवला आहे. त्याचा फोटो काढून गॅलरीत ठेवू नका.

मग जिथे जिथे तोच पासवर्ड होता ती सगळी ठिकाणं. पोराला शेजारी बसवा आणि न रागावता विचारा. आमचं बोलणं असं झालं: "ह्यो पासवर्ड आणखी खय खय आसा?" तो म्हणाला, "सगळ्याक तोच." मग वहीत यादी केली: फेसबुक, इन्स्टाग्राम, शाळेच्या क्लासचं अ‍ॅप, खरेदीची दोन अ‍ॅप्स, आणि माझ्या जाऊबाईंचं वीजबिल भरायचं खातं. अशी आणखी काही धरून एकूण अकरा. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाचं एक संकेतस्थळ आहे, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेलं. तिथे आपला ईमेल पत्ता टाकला की तो कुठल्या कुठल्या माहितीचोरीत सापडला आहे ते दिसतं. आमचा पत्ता एकाच नव्हे, तीन ठिकाणी निघाला. तिथे फक्त ईमेल टाका, चालू पासवर्ड कुठेही टाकून बघू नका.

पासवर्ड कसा ठेवायचा? लांब. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. मालवणी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चालतील, पण म्हण किंवा गाण्याची ओळ नको, शब्द ओळीने लागतात तिथे अंदाज बांधता येतो. मी डोळे मिटून घरात बोट फिरवलं आणि ज्यावर थांबलं ते ते घेतलं. इतके पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, ते मान्यच करा. फोनमधला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात जपून ठेवणारी सोय, वापरा, किंवा वहीत लिहा. घरात कपाटात ठेवलेल्या वहीला नावं ठेवणारे भेटतील. पण हा चोर आपल्या कपाटापर्यंत येणारा नाही, तो हजारो मैलांवर बसलेला असतो. सगळीकडे एकच पासवर्ड डोक्यात ठेवण्यापेक्षा वेगवेगळे वहीत लिहिलेले केव्हाही बरे.

पैशाचं त्याच संध्याकाळी बघा. भारतातल्या व्यवहारांत १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार किंवा अ‍ॅप तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवू शकत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या कार्डाच्या जागी वापरायचा दुसराच क्रमांक, असतं, त्यामुळे कार्डाची भीती थोडी कमी. यूपीआय अ‍ॅपमध्ये "ऑटोपे" (पैसे आपोआप कापून घ्यायला दिलेली परवानगी) उघडून गेमच्या नावाने काही चालू असेल तर रद्द करा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करा. बँकेतून पैसे गेलेले दिसले तर एक मिनिटही न थांबता बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर भार येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून तास मोजावेत.

आता गेम. पोराला हे सगळ्यात शेवटी आलेलं आवडणार नाही, पण ईमेल हातात नसताना परत मिळवलेला आयडी दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. गेमच्या अ‍ॅपमधूनच "मदत" किंवा "सपोर्ट" उघडा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका, तिथे बसलेले लोक कंपनीचे असतीलच असं नाही. खातं तुमचंच आहे हे पटवायला लागतात त्या गोष्टी: खेळाडूचा आकडी आयडी, खातं उघडलं तेव्हाचं ईमेल, आणि खरेदीच्या पावत्या. प्ले स्टोअरच्या पावतीवर इंग्रजी जीपीए या अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. जो खर्च पोरगा लपवत होता त्याच चार पावत्यांवरून त्याचा आयडी परत मिळाला. कोणाकडून विकत घेतलेला आयडी मात्र परत मिळायची आशा ठेवू नका. त्याला पहिल्या मालकाचं ईमेल चिकटलेलं असतं. आमच्या भागात पोरं हजार-दोन हजाराला असे आयडी घेतात, त्यांना हे आधी सांगा.

पुढचे दोन-तीन महिने डोळे उघडे ठेवा. माहिती फुटली की पाठोपाठ खोटे मेल येतात: "भरपाई म्हणून मोफत डायमंड", "खातं बंद होणार, इथे दाबा". त्यात पोराचं खरं नाव आणि खरा आयडी असतो, कारण तोच तर फुटलाय. नाव बरोबर आहे म्हणून मेल खरा ठरत नाही. कुठलीही लिंक दाबायची नाही, स्वतः अ‍ॅप उघडून बघायचं. आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पोराच्या बाबांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्याच्यासमोर, त्याला विचारून. भावजी आधी चिडले. मग मी त्यांना तारखा दाखवल्या. कंपनीचा मेल आला त्या दिवशी आमच्या जीमेलमध्ये परकं कोणी नव्हतं. तो विंडोजचा संगणक पाचव्या दिवशी आला. त्या पाच दिवसांत पोराने तोंड उघडलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं, आणि ते त्याने उघडलं नाही ते आमच्या आवाजाच्या भीतीने. भावजी बराच वेळ त्या तारखांकडे बघत बसले. मग त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढून पोरापुढे धरला. "माझोय बघ रे," म्हणाले. त्यांचा पासवर्डही तोच होता.